अंग खाली उतरलं म्हणून अंथरूण धरायचं नाही

प्रश्न बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका ताईंचा आहे. वय 29, दुसरं बाळंतपण होऊन पाच महिने झालेत. डिलिव्हरी नॉर्मल, बाळ 3.6 किलोचं, शेवटी व्हॅक्यूम लावावा लागला. संध्याकाळ झाली की खाली जड वाटतं, धुताना हाताला मऊ गोळा लागतो, शिंक आली की दोन थेंब लघवी जाते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूत्राशयाची बाजू खाली सरकलीय, म्हणजे अंग उतरलंय, ग्रेड दोन, जड उचलू नका. तेवढं ऐकून त्या घरी आल्या. आता सासूबाई म्हणतात पोट आवळून बांध, जाऊबाई म्हणतात कपालभाती कर, मोबाइलवर कुणी रोज दोनशे केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करायला सांगतंय. वडगावातल्या झुंबा क्लासची फी आधीच भरून झालीय, आणि पावसाळा तोंडावर आला की भाताच्या रोपलावणीला घरातली माणसं लागणारच. त्यांनी विचारलंय, "मी हलायचं तरी का नाही? आणि शेवटी पिशवी काढावीच लागणार काय?"

हला, ताई. नुसतं हलू नका, व्यायाम करा. "जड उचलू नका" हे डॉक्टरांचं वाक्य चूक नाही, पण ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला सवड नसते. ते असं: श्वास कोंडून, खाली जोर देऊन केलेलं कुठलंही काम तुम्हाला बाधेल, मग ती घागर असो की संडासात कुंथणं. आणि श्वास सोडत, खालचे स्नायू आधी वर ओढून केलेलं काम हळूहळू वाढवत नेता येतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी वर्ष-दीड वर्ष काही न करता आलेल्या असतात. भीतीनं चालणंसुद्धा बंद केलेलं असतं. मांड्यांतली ताकद गेलेली, वजन वाढलेलं, जिना चढताना धाप लागते, आणि अंग आहे तिथंच. नुसत्या विश्रांतीनं ते वर जात नाही.

ग्रेड दोन म्हणजे काय ते कुणी सांगितलं नसेल, तर सांगते. योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला लागून मूत्राशय असतं. बाळंतपणात त्या भिंतीला धरून ठेवणारे पडदे ताणले गेले, खालचे स्नायू सैल पडले, की ती भिंत फुगून खाली येते. ग्रेड दोनमध्ये तिचा सगळ्यात खालचा भाग योनीच्या तोंडाशी, साधारण एक सेंटिमीटर आत किंवा एक सेंटिमीटर बाहेर असतो. हाताला लागणारा गोळा म्हणजे तीच भिंत आहे. ती गाठ नाही, कॅन्सर नाही, आणि चालता चालता काही गळून पडणार नाही. ही शेवटची भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते.

पाच महिने म्हणजे अजून लवकर आहे. ताणलेले स्नायू आणि पडदे बाळंतपणानंतर कितीतरी महिने भरून येत असतात. शिवाय तुम्ही अंगावर पाजताय. पाजणाऱ्या बाईच्या अंगात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे तिथली त्वचा कोरडी, पातळ आणि सैल राहते. दूध कमी झालं, पाळी सुरू झाली की काहीही वेगळं न करता बऱ्याच जणींना थोडा फरक पडतो. म्हणून आजच्या तपासणीवरून जन्माचा निकाल लावू नका. चिमटा लावून डिलिव्हरी झाली असेल तर स्नायू पुढच्या हाडापासून सुटून येण्याची शक्यता जास्त असते. व्हॅक्यूममध्ये तेवढी नसते. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

व्यायामाआधी डॉक्टरांकडे परत जायला लावणाऱ्या काही गोष्टी आहेत. लघवी अडकणं किंवा जोर दिल्याशिवाय न होणं, ताप किंवा लघवीला जळजळ, अंगावरून घाण वासाचं जाणं, पाळीव्यतिरिक्त रक्त, गोळा बाहेर येऊन आत न जाणं, त्यावर जखम होणं, टाक्यांच्या जागी दुखत राहणं, लघवी-शौच अजिबात न आवरणं. यातलं काही असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा.

आता मूळ काम. पुढे लघवीच्या जागेवरच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर पसरलेला असतो. मूत्राशय, पिशवी, शौचाचा मार्ग सगळं त्याच्यावर आणि वरून धरणाऱ्या पडद्यांवर असतं. हा थर आवळणं म्हणजेच केगल. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली तो व्यायाम मांडला म्हणून त्यांचं नाव पडलं. करायला सोपा म्हणतात, पण चुकीचा फार होतो. 1991 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात बायकांना नुसतं तोंडी सांगून तो करायला लावला, तेव्हा सुमारे पाव हिस्सा जणी स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. अंग उतरलेल्या बाईनं दिवसातून दोनशे वेळा खाली जोर दिला तर काय होईल ते सांगायला नको. मोबाइलवरच्या दोनशे आकड्यावर माझा राग आहे तो याचसाठी.

तुम्ही असं करा. बाळ झोपलेलं असताना एका टणक खुर्चीवर टॉवेलची घट्ट घडी लांबट ठेवा आणि तिच्यावर मांड्या थोड्या फाकवून बसा, म्हणजे लघवीच्या आणि शौचाच्या जागेमधला भाग घडीला टेकेल. पाठ ताठ, खांदे सैल, ओठ मिटलेले पण दात दातावर नाहीत. आता वात सुटू नये म्हणून मागची जागा आवळतो तशी आवळा, आणि तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. बरोबर जमलं तर घडीवरचा दाब हलका होतो, तो भाग आत-वर गेल्यासारखा वाटतो. दाब वाढला, घडीवर फुगवटा आला, तर तुम्ही खाली ढकलताय. एक हात पोटावर ठेवा, बेंबीच्या वर काही ताठरायला नको. कुल्ले आवळले की तुम्ही खुर्चीवर अर्धा इंच वर उचलल्या जाता, तेही नको. खात्री करायची असेल तर हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीत घाला आणि आवळा, बोट वर-आत ओढलं गेलं पाहिजे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, अंग तुमचंच आहे. लघवी मध्येच थांबवून मात्र रोज करू नका. एखाद्या वेळी ओळख पटवायला ठीक, व्यायाम म्हणून नको, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

जमलं की आवळून मनात सहा ते आठपर्यंत मोजा, श्वास चालू ठेवून. मग पूर्ण सैल सोडा, तेवढाच वेळ. सैल सोडणं हा अर्धा व्यायाम आहे. सुरुवातीला तीनपर्यंतच टिकलं तर तीनवर थांबा. अशी आठ ते बारा आवळणी एका वेळी, दिवसातून तीनदा. शेवटी पाच-सहा झटपट: आवळ, सोड. बस्स. पहिले दोन आठवडे आडवं पडून करा, कारण तेव्हा वरून भार नसतो. मग बसून, मग उभं राहून. ज्यांना संबंधाच्या वेळी किंवा नुसतं बसलं तरी तिथं दुखतं, त्यांचे स्नायू कधी कधी सैल नसतात, उलट आखडलेले असतात. त्यांनी आवळायच्या मागे न लागता आधी तपासून घ्यावं.

ब्रिटनची 2019 सालची मार्गदर्शक तत्त्वं ग्रेड एक आणि दोनसाठी पहिला उपाय म्हणून हेच सांगतात: जाणकाराच्या देखरेखीखाली किमान 16 आठवडे. फळ किती मिळतं? नॉर्वेत 109 बायकांवर झालेला एक अभ्यास 2010 साली छापला गेला. त्यात सहा महिने नीट व्यायाम केलेल्यांपैकी 19 टक्क्यांचा एक ग्रेड सुधारला, नुसता सल्ला मिळालेल्यांत 8 टक्क्यांचा. पण जडपणा आणि गोळा लागण्याचा त्रास व्यायाम करणाऱ्यांत 74 टक्के जणींचा कमी झाला, दुसऱ्या गटात 31 टक्के जणींचा. म्हणजे तपासणीत आकडा फार हलला नाही तरी बाईला बरं वाटू शकतं. तुम्हाला रोज जगायचं आहे ते त्रासासोबत, ग्रेडसोबत नाही. म्हणून आरसा घेऊन रोज रोज बघत बसू नका. सकाळचं आणि संध्याकाळचं चित्र वेगळंच दिसणार, आणि जीव उगाच टांगणीला लागणार.

दुसरी सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. खोकला, शिंक, बाळ उचलणं, जमिनीवरून उठणं, बसला धक्का बसणं, या प्रत्येकाच्या क्षणभर आधी खाली आवळायचं आणि ते होईपर्यंत धरायचं. खानापूर रोडवर खड्डे आणि स्पीडब्रेकर इतके आहेत की स्कूटरवर मागं बसून जाणाऱ्या बाईचा सराव आपोआप होतो. शिंकेला गेलेले ते दोन थेंब बऱ्याच वेळा एवढ्यानंच थांबतात.

उचलण्याबद्दल आता. माझ्या खोलीत मी कोपऱ्यात एक रिकामी स्टीलची घागर ठेवलीय. बाईला म्हणते, तुम्ही घरी उचलता तशी उचला. रिकाम्या घागरीलासुद्धा निम्म्या जणी आधी श्वास आत घेऊन कोंडतात, दात आवळतात, मान पुढे काढतात, आणि पोट पुढं टरारून फुगतं. कालपरवाच नंदगडकडच्या एका बाईंच्या पोटावर त्यांचाच हात ठेवायला लावून हे दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अग्गबाई, मी तर बाळाचं लंगोट उचलतानाबी असंच करतोय!" मग तीच घागर पुन्हा: पाय खांद्याएवढे फाकवून, एक पाय थोडा पुढे, गुडघ्यात आणि कमरेत वाकून, घागर अंगाजवळ ओढून, खाली आवळायचं, तोंडानं "फू" करत श्वास सोडायचा, आणि त्या सुटणाऱ्या श्वासावर उठायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोट सपाट राहिलं. मग घागरीत दोन लिटर पाणी.

हिशेब सोपा आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोच्या वर जाते. घरचा भरलेला गॅस सिलिंडर तर जवळजवळ तीस किलोचा असतो, त्याला तुम्ही हातही लावू नका, ढकलायलासुद्धा. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात जी धांदल उडते, ती तुमच्यासाठी सगळ्यात वाईट: भराभरा, एका कुशीवर कळशी, दुसऱ्या हातात बादली, श्वास वरचा वर. पाईप लावून पाणी थेट पिंपात जाईल अशी सोय करून घ्या. नाहीच जमलं तर अर्ध्या अर्ध्या दोन बादल्या, दोन्ही हातांत सारख्या. घरच्या पुरुषांनी सहा महिने पाणी भरलं तर बिघडत नाही, हे मी नवऱ्यांना समोर बसवून सांगते. सहसा ऐकतात, डॉक्टरीण सांगते म्हणून.

व्यायामाची सुरुवात चालण्यानं. वेळ सकाळची, कारण रात्रभर आडवं पडून अंग वर गेलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर. राजहंसगडाचा चढ नंतर बघू. दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. घरी चटईवर: पाठीवर झोपून गुडघे वाकवून, श्वास सोडत कुल्ले उचलायचे, म्हणजे सेतुबंध, एका कुशीवर झोपून टाचा जुळवून वरचा गुडघा उघडायचा, पाठीवर झोपून एक टाच घसरवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. उभं राहून भिंतीवर हात टेकून दंड. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं: खाली आवळा, श्वास सोडा, उठा. दहादा. आठवडाभर त्रास वाढला नाही, तर छातीशी एक किलोची पिशवी धरून. मग दोन किलो. पाच महिन्यांचं बाळ एव्हाना सहा-सात किलोचं झालेलं असतं आणि तुम्ही त्याला दिवसातून कितीदा तरी उचलता. म्हणजे त्या वजनाची ताकद तुम्हाला लागतेच. "अजिबात उचलायचं नाही" म्हणणाऱ्यांनी बाळ कोण उचलणार ते सांगावं.

वाढवायचं की थांबायचं, ते कुठलं पुस्तक ठरवणार नाही, तुमची संध्याकाळ आणि दुसरी सकाळ ठरवेल. व्यायाम करताना खाली दाब आला, लघवी गळली, गोळा जास्त जाणवला, तर तिथंच थांबा. करताना ठीक, पण संध्याकाळी नेहमीपेक्षा जड, आणि रात्री आडवं पडल्यावर उतरलं, तर तुम्ही काठावर आहात. तेवढंच दोन आठवडे करा, वाढवू नका. दुसऱ्या सकाळीही जडपणा राहिला तर जास्त झालं. कमी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला: वेळ, वजन, किंवा उभ्याचं आडवं. सगळंच एकदम सोडलंत तर कशानं बाधलं ते कधीच कळणार नाही. जड वाटलं की दहा-पंधरा मिनिटं पाठीवर पडून पाय खुर्चीवर ठेवा, कुल्ल्याखाली एक उशी. बरंच हलकं वाटतं. पाळीच्या आसपास, आणि रात्र जागून काढली की त्रास जास्त जाणवतो. तो आठवडा मोजायचा नाही.

जाऊबाईंचं कपालभाती सध्या नको. त्यात पोटाला झटके देऊन श्वास बाहेर फेकतात, प्रत्येक झटक्याला दाब खाली जातो, आणि तुमचे स्नायू अजून तो पेलायला तयार नाहीत. भस्त्रिका, नौका, दोन्ही पाय एकदम उचलणं, पाठीवर झोपून उठायचे सिट-अप्स, पूर्ण प्लँक हे सगळं आत्ता बाजूला. कायमचं नव्हे. योगाचं वेड असेल तर मूलबंध आणि अश्विनी मुद्रा तुमच्या कामाच्याच आहेत, केगलशी त्यांचं जवळचं नातं आहे. पाय भिंतीला लावून विपरीत करणीही चालेल. सूर्यनमस्कार हळू, श्वास कुठंही न कोंडता, आणि दंडाच्या जागी गुडघे टेकून.

झुंबाच्या बाईंना सांगा, उड्यांचं गाणं आलं की मी पाऊल बाजूला टाकणार. हात कितीही हलवा, एक पाय जमिनीवर राहू दे. तेही आत्ता लगेच नको, दोन-अडीच महिने वरचं केल्यावर. अंग न उतरलेल्या बाळंतिणीनंही पळायला तीन महिन्यांच्या आत सुरुवात करू नये असं 2019 सालची फिजिओथेरपीची मार्गदर्शिका सांगते. उड्यांआधीची परीक्षा घरीच घेता येते: अर्धा तास भराभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी एक मिनिट धावणं, एका पायावर दहा उड्या. प्रत्येकानंतर खाली दाब नाही, गळती नाही, तर पुढचं. मध्येच अडकलात तर तिथंच मुक्काम. फी बुडते ती बुडू दे, नाहीतर पुढच्या महिन्यांत फिरवून मागा, बायका बायकांना समजून घेतात.

सासूबाईंशी भांडू नका, पण पोट आवळून बांधू नका. लुगड्याचा पट्टा करकचून बांधला की आतलं काही लहान होत नाही. गोणी मध्ये आवळली तर माल खाली सरकतो, तसं होतं, आणि तुमचा खालचा टाकाच आधी उसवलेला आहे. कंबर दुखते म्हणून मऊ पट्टा तासभर, सैलसर, चालेल. बाळंतिणीच्या मालिशलाही माझी हरकत नाही. पोटावर गुडघा किंवा टाच देऊन दाबणाऱ्या मालिशवाल्या बाई मात्र नकोत.

आपल्याकडच्या बाळंतपणातली आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते: बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं. सुकं खोबरं, डिंकाचे लाडू, भाकरी, लसणीची चटणी, आणि पाणी मोजून. वर आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, ज्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्याच असतात. त्यातून जो कोठा घट्ट होतो, त्याला कुंथून कुंथून केलेला सगळा व्यायाम रोज सकाळी पाण्यात जातो. गोळ्या बंद करू नका, पाणी वाढवा. ताक, पालेभाजी, पपई, रात्री भिजवलेल्या मनुका. तरी होत नसेल तर डॉक्टरांकडून पाजणाऱ्या आईला चालणारं सौम्य औषध घ्या. बसायची आपली भारतीय संडासाची पद्धत उत्तम आहे. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. कोपर मांडीवर, पोट सैल, तोंड किंचित उघडं, श्वास बाहेर सोडत. टाक्यांच्या जागेला स्वच्छ कापडाची घडी हातानं टेकवून धरली की आधार मिळतो. पाच मिनिटांत नाही झालं तर उठा, नंतर जा.

खोकलाही तसाच. पावसाळ्यात आपल्या पश्चिम भागात, खानापूर-कणकुंबीकडं तर विचारू नका, घराघरात खोकला असतो, आणि चुलीचा धूर त्यात भर घालतो. दोन आठवडे टिकलेला खोकला "जाईल आपोआप" म्हणून ठेवू नका. दिवसभर खोकणाऱ्या बाईचं अंग कुठलाही व्यायाम वर ठेवू शकत नाही.

रोपलावणीचं विचारलंत. या वर्षी चिखलातली लावण सोडा, असं मी स्पष्ट सांगेन. दिवसभर कमरेत वाकून, चिखलातून पाय उपसत, थकल्यावर श्वासाचं भान कुणाला राहत नाही. शेतावर जायचंच असेल तर रोपांच्या जुड्या बांधायचं काम घ्या, तेही पाटावर बसून, आणि जुड्यांची पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर. भांगलणीला उकिडवं बसण्यापेक्षा एक गुडघा टेकून बसा, तासाला उठून चाला, दुपारी आडवं पडा. रताळ्याची पोती तर या हंगामात तुमच्यासाठी नाहीतच. पुढच्या वर्षी ताकद आल्यावर कामं एकेक करून परत घ्यायची, आधी तास, मग अर्धा दिवस. मजुरीवर पोट असलेल्या बाईला मी हे सांगते तेव्हा ते किती पोकळ वाटतं याची मला कल्पना आहे. तिच्यासाठी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची.

ती म्हणजे रिंग. सिलिकॉनची किंवा प्लास्टिकची गोल चकती स्त्रीरोगतज्ज्ञ मापानं योनीत बसवतात, ती सरकलेल्या भागाला आतून आधार देते. पाजणाऱ्या आईलाही चालते. नीट बसली तर जाणवतसुद्धा नाही, आणि ती घालून व्यायाम, शेतकाम दोन्ही करता येतं. कित्येक जणी स्वतः काढून, धुऊन, परत बसवायला शिकतात. जी व्यायामाच्या किंवा कामाच्या वेळेपुरतीच घालते, तिचंही भागतं. घाण स्राव, रक्त किंवा टोचल्यासारखं झालं तर दाखवायचं, आणि ठरलेल्या तारखांना तपासून घ्यायचं. आपल्याकडे रिंग म्हणजे म्हातारीचा उपाय अशी समजूत आहे, ती सोडा. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा.

आणि पिशवी काढायचं. तुमची पिशवी जागेवर आहे, सरकलीय ती मूत्राशयाकडची भिंत. पिशवी काढून ती भिंत वर जात नाही. पिशवी उतरलेल्यांतसुद्धा नुसती काढून भागत नाही, वरचा भाग नीट बांधून घ्यावा लागतो, नाहीतर पुढं तोच भाग खाली येतो. ऑपरेशन वाईट नाही, ज्यांना लागतं त्यांना लागतंच. पण 29 व्या वर्षी, पाच महिन्यांच्या बाळंतिणीला, पुढं मूल हवं की नको हेही ठरलेलं नसताना, घाई कशाची? कुणी पहिल्याच भेटीत तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. संबंधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं राहिलं असेल म्हणून सांगते: टाके भरले असतील, दुखत नसेल, तर त्यानं अंग जास्त उतरत नाही. कोरडेपणाला डॉक्टरांकडून क्रीम मिळतं. मधल्या काळात दिवस राहणार नाहीत एवढी काळजी घ्या.

एकदा तरी फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा, आवळणं बरोबर होतंय का ते बोटानं तपासून सांगणारी बाई हवी. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत आणि फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत चौकशी करा, "बाळंतपणानंतरचा पेल्विक फ्लोअर" (म्हणजे हाच खालचा स्नायूंचा थर) म्हटलं की त्यांना कळतं. मराठी, कन्नड दोन्ही चालतं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे येण्या-जाण्याचा खर्च हे कारण आता फारसं उरलेलं नाही. येताना थायी कार्ड, म्हणजे गरोदरपणात मिळालेलं सरकारी कार्ड, आणि डिलिव्हरीचा डिस्चार्ज कागद आणा, त्यात व्हॅक्यूम आणि टाक्यांचं लिहिलेलं असतं. आधीचे तीन दिवस एका वहीत लिहून ठेवा: पाणी किती प्यालात, लघवीला किती वेळा गेलात, शौचाला कुंथावं लागलं का, संध्याकाळी किती वाजता जड वाटायला लागलं आणि त्याआधी काय काम केलं होतं. बाळाला सोबत आणलं तरी चालतं, उचलायचं कसं ते त्याच्यावरच दाखवता येतं.